धड्यातली कादंबरी: 'अभिजात' काय, हे शाळेचं पुस्तक कसं ठरवतं?

सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेत तामलवाडी लागतं. अशा गावातल्या अनेक घरांत कादंबऱ्यांचं कपाट नसतं, पण मराठीचं पाठ्यपुस्तक मात्र असतं. पहिली ते आठवीपर्यंत सरकारी शाळेत ते मोफत मिळतं. त्यामुळे मोठे लेखक कोण, याची पहिली यादी मुलांना तिथूनच कळते.

ही यादी या भागात उशिरा पोहोचली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि तिथल्या माध्यमिक शाळांचं माध्यम होतं उर्दू. शेजारचं सोलापूर मुंबई प्रांतात होतं. म्हणजे थोड्याच अंतरावर मुलांचं शालेय वाचन पूर्ण वेगळं होतं. १९६७ साली पुण्यात 'बालभारती' सुरू झाली आणि राज्यभरातली मुलं हळूहळू तेच धडे वाचू लागली. आज दरवर्षी १५ लाखांच्या आसपास मुलं दहावीच्या परीक्षेला बसतात. एवढा वाचकवर्ग कोणत्याही प्रकाशकाला मिळत नाही.

मग कोणती कादंबरी धड्यात येते?

पाठ्यपुस्तकात कादंबरी येते ती उतारा होऊन. तो चार-पाच पानांत संपला पाहिजे, मागचंपुढचं माहीत नसतानाही कळला पाहिजे, वर्गात वाचताना अवघड वाटू नये आणि त्यावर प्रश्न काढता आले पाहिजेत.

'श्यामची आई' या चाळणीतून सहज पार पडते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात रोज रात्री एक आठवण सांगितली जाते. कुठलीही रात्र उचला, धडा तयार. अर्थात तिच्या लोकप्रियतेचं श्रेय एकट्या शाळेचं नाही. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं.

याउलट भालचंद्र नेमाडेंची 'कोसला' (१९६३) घ्या. पांडुरंग सांगवीकरचं भरकटणं पूर्ण पुस्तकभर साचत जातं, ते चार पानांत मावत नाही. खांडेकरांच्या 'ययाति'चा विषयच वासना आहे. १९७४ चं ज्ञानपीठ मिळूनही तिचा धडा करणं सोपं नाही.

शाळेची ताकद किती?

'द ग्रेट गॅट्सबी' ही अमेरिकी कादंबरी १९२५ ची. लेखक फिट्झगेराल्ड १९४० मध्ये वारले, तेव्हा तिच्या प्रती पडून होत्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना तिच्या सुमारे दीड लाख प्रती वाटल्या गेल्या, पुढे ती शाळांमध्ये लागली आणि 'अभिजात' ठरली. तिथे मुलं अख्खी कादंबरी वाचतात, हा आपल्याकडचा मोठा फरक.

आपल्याकडे २०१९ च्या अकरावीच्या 'युवकभारती'त साहित्यप्रकार म्हणून नाटक आहे, २०२० च्या बारावीच्या पुस्तकात कथा आहे. कादंबरीला तसा स्वतंत्र विभाग नाही.

शाळेशिवायही वाचक घडतात. 'मृत्युंजय' (१९६७) वाचनालयांतून आणि एकमेकांच्या हातून घरोघरी गेली. पण त्यासाठी जवळ वाचनालय किंवा वाचणारं माणूस लागतं. ज्या मुलाकडे दोन्ही नाही, त्याची साहित्याची आवड उताऱ्याच्या मापाचीच होते: छोटं, सोज्वळ, शेवटी बोध देणारं.

यावर एक साधा उपाय शिक्षकांच्या हातात आहे. धडा संपला की तो ज्या पुस्तकातून घेतला, ते पुस्तक वर्गात टेबलावर ठेवायचं. पुढे काय झालं, हे विचारणारं एक तरी मूल निघतंच.