खासगीवरचं तुळशीपत्र



आपण सगळी यात्रेकरू माणसं. काशीहून आलेला घरी सांगतो, विश्वनाथाचं दर्शन झालं, गंगेत स्नान झालं. पण पाय न घसरता गंगेच्या पाण्यापर्यंत ज्या पायऱ्यांवरून पोचलो, त्या कोणी बांधल्या, हे सहसा कोणी सांगत नाही. आज त्या पायऱ्या बांधणाऱ्या माउलीचं चरित्र सांगायचं आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर.

आता श्रोत्यांच्या मनात एक शंका येते. राजघराण्यातल्या बाईनं दान केलं, त्यात मोठं काय? तिजोरी भरलेली, हात घालायचा आणि द्यायचं. मग नळराजाला, धर्मराजाला लागणारं पुण्यश्लोक हे बिरूद लोकांनी या बाईंना का दिलं? शंका रास्त आहे. तिचं उत्तर एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे 'खासगी'. त्याकडे येऊच. आधी त्यांचं दुःख बघा.

जन्म १७२५ सालचा, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडी गावचा. वडील माणकोजी शिंदे, गावचे पाटील. लग्न होऊन मुलगी मल्हारराव होळकरांची सून झाली. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. बाई सती जायला निघाल्या. म्हाताऱ्या सासऱ्यांनी पदर पसरला आणि त्यांना माघारी फिरवलं. हिशेब, पत्रव्यवहार, फौजेचा दाणागोटा हे सारं सासऱ्यांनीच सुनेला शिकवलं. १७६६ साली तेही गेले. पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला.

घरात पुरुष राहिला नाही म्हटल्यावर दौलतीवर डोळे गेले. खुद्द दिवाण गंगाधर यशवंतांनी राघोबादादांना बोलावणं धाडलं. दादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले. बाई डगमगल्या नाहीत. शेजारच्या सरदारांना पत्रं गेली, तुकोजीराव होळकर फौजेनिशी उभे राहिले. बाईंनी दादांना निरोप धाडला असं सांगतात, की तुम्ही जिंकलात तर बाईला जिंकलं म्हणून कोणी वाखाणणार नाही, आणि हरलात तर मात्र तोंड दाखवायला जागा उरणार नाही. दादा सांत्वनाला आलो म्हणाले आणि प्रसंग टळला. थोरल्या माधवराव पेशव्यांनी कारभार बाईंकडेच ठेवला. नर्मदाकाठी महेश्वरला बसून त्यांनी तो १७९५ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं चालवला.

आता खासगी म्हणजे काय? होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. एक दौलतीचा. त्यातून फौज, किल्ले, कारभार चालायचा. दुसरा खासगीचा. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे पेशव्यांनी १७३४ साली वेगळी जहागीर लावून दिली होती, ती घरच्या बाईची हक्काची मिळकत. गौतमाबाईंमागं ती अहिल्याबाईंकडं आली. त्यांनी त्या धनावर तुळशीपत्र ठेवलं, असं सांगतात. तुळशीपत्र ठेवलं म्हणजे काय झालं? नैवेद्यावर ठेवलं की तो देवाचा होतो, ताट आपल्याच घरचं असलं तरी. तसं ते धन देवाचं झालं. बाईंचा धर्म या खासगीतून चालला. रयतेच्या पैशाचं पुण्य स्वतःच्या नावावर जमा करायचं नाही, हा त्यांचा दंडक. मघाच्या शंकेचं उत्तर हे आहे. स्वतःचं काय आणि लोकांचं काय, ही रेघ ज्याला ओढता येते, त्याचंच दान दान ठरतं.

या खासगीतून काय काय उभं राहिलं? १७८० साली काशीविश्वनाथाचं देऊळ नव्यानं उभं राहिलं. गंगेवर घाट झाले. १७८३ साली सोमनाथाला, भग्न देवळापासून थोड्या अंतरावर, नवं देऊळ झालं आणि शिवलिंगाला धक्का पोचू नये म्हणून ते तळघरात स्थापलं. गयेचं विष्णुपद झालं, आपल्या वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार झाला. यातलं काशी, गया, सोमनाथ कुठं होळकरांच्या राज्यात होतं? नव्हतं! तिथली माणसं बाईंना सारा देणार नव्हती की त्यांच्या फौजेत येणार नव्हती. तरी दिलं.

आणि देऊळ बांधून त्या थांबल्या नाहीत. देवळापर्यंतची वाट बघितली. विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं केली, पूजेअर्चेची वर्षासनं नेमून दिली. दक्षिणेतल्या देवांच्या अभिषेकाला गंगेचं पाणी नेमानं पोचावं अशी सोय लावली. माळव्याच्या डोंगरातल्या वाटांवर भिल्ल यात्रेकरूंना लुटायचे. बाईंनी आधी धाक बसवला. मग वाटसरूंकडून थोडी पट्टी घ्यायचा त्यांचा जुना हक्क मान्य केला. ती 'भिलकवडी'. बदल्यात वाट राखायची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. म्हणजे लुटणाराच राखणदार झाला!

माल्कम नावाचे इंग्रज अधिकारी. बाईंच्या पश्चात त्यांनी माळव्यातल्या जाणत्या माणसांना विचारून सगळं लिहून ठेवलं. त्यांनी लिहिलंय, उन्हाळ्यात महेश्वरजवळ औत धरलेल्या बैलांना बाईंची माणसं थांबवून पाणी पाजायची. शेतकरी पाखरांना शेतातून हाकलतात, म्हणून बाईंनी पाखरांसाठी वेगळी शेतं विकत घेतली होती. आणखी एक. एक सावकार निपुत्रिक वारला. तुकोजीरावांची नजर त्याच्या धनावर गेली. सावकाराची विधवा महेश्वरला धावली. बाईंनी धन तिच्याकडंच ठेवलं आणि आपल्याच सेनापतीला तिथून तळ हलवायचा हुकूम दिला. विधवेचं दुःख त्यांना दुसऱ्यानं सांगायला नको होतं.

आम्हा कीर्तनकारांवरही त्यांचं ऋण आहे. संगमनेरचे अनंत फंदी तमाशाचे कवी. एवढी वाणी देवाच्या कामी लावा, असं बाईंनी सांगितलं आणि फंदी डफ टाकून कीर्तनाला उभे राहिले, अशी कथा आहे. कान उपटायचा, पण माणूस टाकायचा नाही.

एवढं करणाऱ्या बाईंना सुख लाभलं का? नातू गेला. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले. लेक मुक्ताबाई सती निघाली. बाईंनी विनवलं, पण लेक थांबली नाही. सासऱ्यांनी त्यांना थांबवलं होतं, त्यांना लेकीला थांबवता आलं नाही. मायबापहो, एवढं सोसूनही अन्नछत्र एक दिवस बंद पडलं नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला त्यांनी देह ठेवला.

आपल्याकडं जहागीर नाही. पण खासगी प्रत्येकाकडं आहे. घामाचे चार पैसे आहेत, दोन हात आहेत. त्यातल्या थोड्यावर तुळशीपत्र ठेवावं. धर्मशाळेला एक पंखा देऊन त्याच्या तिन्ही पात्यांवर नाव घालू नये. घाटावर उतरताना पायरीवर निर्माल्य दिसलं तर उचलून बाजूला ठेवावं. मागून एखादी म्हातारी येत असते, तिचा पाय घसरू नये. ही पायरी आपल्यासाठी कोणीतरी आपल्या पदरच्या पैशातून बांधली आहे.

बोला, पुंडलिकवरदा हरि विठ्ठल!