एक फाइल की स्वतंत्र सर्व्हर?
छत्तीसगडने 2012 साली रायपूर शहरात ‘कोअर पीडीएस’ ही संगणकीकृत शिधावाटप योजना सुरू केली, तेव्हा शिधापत्रिकाधारकाला ठरावीक दुकानाऐवजी पसंतीच्या दुकानातून धान्य घेण्याची मुभा मिळाली. परिणामी एका दुकानातील उचल इतर दुकानांना तत्काळ कळणे आवश्यक ठरले. अशा ठिकाणी डेटाबेस सर्व्हर, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारी व नेटवर्कवरून येणाऱ्या अनेकांच्या नोंदी एकाच वेळी हाताळणारी पोस्टग्रेस्क्यूएलसारखी यंत्रणा, टाळता येत नाही. याउलट अंतर्भूत डेटाबेस तो वापरणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आतच चालतो: रिचर्ड हिप यांनी 2000 साली निर्माण केलेल्या एसक्यूलाइटमध्ये सारी माहिती एका फाइलीत मावते आणि वेगळा व्यवस्थापक लागत नाही, मात्र एका क्षणी एकच लेखन होऊ शकते. या मर्यादेचा बाऊ गरजेपेक्षा जास्त केला जातो, कारण बहुतेक लेखने काही मिलिसेकंदांत आटोपतात आणि एकाच संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या दुकानाला ती जाणवतही नाही. खरी अडचण ती फाइल नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवल्यास उद्भवते. तेथे लॉकिंग, म्हणजे दोन लेखनांची टक्कर रोखणारी व्यवस्था, पुष्कळदा भरवशाची नसते आणि फाइल बिघडू शकते.