कागदावरचा वाढदिवस आणि आईच्या आठवणीतला

तुमचा वाढदिवस कधी असतो? आपल्या परभणी जिल्ह्यातल्या पारावर बसलेल्या जुन्या माणसांना हे विचारून पाहा. "1 जून" असे सांगणारे एकाहून अधिक निघतील. शाळेत नाव घालायला नेले तेव्हा जन्माची नोंद कुणाकडे नव्हती. गुरुजींनी वयाचा अंदाज घेतला आणि 1 जून लिहून मोकळे झाले. त्यामुळे घरात बाप, चुलता आणि आत्या एकाच तारखेला जन्मलेले!

खरा दिवस विचारावा तो आईला. "पोळ्याच्या कराला झालास, मूग तोडायला आला होता," असे ती सांगेल. तिच्या पंचांगात पीक आहे, सण आहे, पाऊस आहे. हा दिवस तुम्ही धरावा, असे आमचे म्हणणे आहे. कारण वाढदिवसाला काही द्यायचे मनात आले, तर 1 जूनसारखा अडचणीचा दिवस नाही. मृग आठवड्यावर आलेला, बियाणे-खतात पैसा अडकलेला आणि शाळेला सुट्टी.

शाळेचे नाव काढले ते मुद्दाम. पहिली ते आठवीच्या मुलांना शाळेत दुपारचे जेवण मिळते, हे तुम्ही जाणताच. त्या जेवणाला जोड म्हणून गावातल्या कुणीही वाढदिवसाला, लग्नाला किंवा सणाला मुलांना काही खाऊ घालावे, अशी सोय सरकारी योजनेतच आहे. गुजरातेत ती 'तिथी भोजन' या नावाने सुरू झाली. आपल्याकडे तिला 'स्नेहभोजन' म्हणतात. मात्र हे रोजच्या जेवणाऐवजी नव्हे, त्याच्यावर द्यायचे.

लाडू-जिलेबीच हवी असे नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेत 100 ग्रॅम तांदळासोबत 20 ग्रॅम डाळ-कडधान्य ठरलेले आहे. त्यात पोळ्याच्या सुमारास घरचे नवे मूग मोड आणून दिले तर? मुलामागे 30 ग्रॅम धरा. साठ मुलांच्या शाळेला पावणेदोन-दोन किलो मूग पुरतात. संक्रांतीच्या सुमाराला शेंगदाणे नि गूळ, गोदाकाठच्या गावांत ऊस, कुणाच्या बागेतली केळी. जे शेतात आहे ते द्यावे. चौकात स्वतःच्या फोटोचा फलक लावून घेण्यापेक्षा हे स्वस्त पडते, आणि फलक कुणाच्या पोटात जात नाही.

दोन-तीन गोष्टी सांभाळा. मुख्याध्यापकांना चार दिवस आधी सांगा. पदार्थ ताजा हवा. आदल्या दिवशीचा खवा-पेढा नको. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चव घेण्याचा नियम आहे, त्याचा राग मानू नका.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. शाळेत ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरे असतात, दुसऱ्याच्या वावरात राबणाऱ्यांचीही असतात. आपले पोर नवे कपडे घालून उभे, गळ्यात हार, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवून त्याच्या हातून घ्यायचे, असा देखावा करू नका. ज्याच्या घरून कधी काही येणार नाही, त्या पोराला तो घास गोड लागत नाही. आपल्या पोराला वाढायला लावा आणि मग त्याच पंगतीत जेवायला बसवा. देणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहिलेच पाहिजे असेही नाही.

याहून बरे म्हणजे एका महिन्यात वाढदिवस असलेल्या सगळ्या घरांनी मिळून एक दिवस ठरवावा. कुणी मूग आणील, कुणी गूळ, कुणी नुसती कोथिंबिरीची जुडी किंवा बांधावरच्या शेवग्याच्या शेंगा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांतली मुले जेवली ती घरोघरच्या बायांनी बाजूला काढलेल्या मूठ-मूठ धान्यावर. त्या मुठीत मोठ्या वाड्याची मूठ कोणती आणि झोपडीची कोणती, हे कोण ओळखणार?

म्हातारी आई घरात असेल तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा. घरातल्या एकेकाचा जन्म कोणत्या सणाच्या मागे-पुढे झाला ते विचारा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात खूण करून ठेवा. तिला सगळे आठवते तोवर हे काम उरकलेले बरे.