प्रश्न लक्षात राहतो, पण उत्तर कोणते?

‘भोर घाट कुठे आहे? (अ) भोर आणि महाड यांच्या दरम्यान (ब) खोपोली आणि खंडाळा यांच्या दरम्यान (क) भोर आणि वाई यांच्या दरम्यान (ड) नसरापूर आणि वेल्हे यांच्या दरम्यान.’

सामान्यज्ञानाच्या व्हॉट्सॲप गटावर हा प्रश्न आला, की अनेकांचे बोट पटकन ‘अ’कडे जाते. बरोबर उत्तर मात्र ‘ब’ आहे. रेल्वेच्या इतिहासात ज्याला भोर घाट किंवा बोर घाट म्हणतात, तो खंडाळ्याचा घाट. १८६३ मध्ये त्या घाटातून रेल्वे धावू लागली. भोरहून महाडला उतरतो तो वरंधा घाट. नावातल्या साम्यामुळे भोरकरसुद्धा इथे फसू शकतो.

सकाळी दहा प्रश्न टाकायचे आणि रात्री उत्तरे जाहीर करायची, हा खेळ आता गावोगावी चालतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले, निवृत्त शिक्षक, गडकोटांचे वेडे असे सगळेच त्यात असतात. ‘नुसता वेळ घालवतात’ अशी टीकाही होते. पण स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी असे प्रश्न कधीच फालतू मानले नाहीत. १९८० मध्ये नेल्सन आणि नॅरेन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सामान्यज्ञानाचे ३०० प्रश्न निवडले आणि प्रत्येक प्रश्न किती जणांना येतो हे मोजून ठेवले. पुढे ही यादी स्मृतीच्या असंख्य प्रयोगांत वापरली गेली. आपल्याला काय आठवते, काय जिभेवर येऊन अडते आणि चुकीची गोष्ट आपण ठामपणे का सांगतो, हे तपासायला असे प्रश्न फार सोयीचे असतात.

आठवण्यानेच स्मृती पक्की होते

एखादा मजकूर पुनःपुन्हा वाचला की तो पाठ होतो, अशी आपली समजूत असते. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये ती तपासली. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. इतरांनी तो एकदा वाचला आणि मग न बघता जेवढा आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटले. दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवत होता, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. म्हणजे चाचणीने ज्ञान नुसते मोजले जात नाही, ते पक्केही होते. मेंदूला ताण देऊन एखादी गोष्ट बाहेर काढली, की पुढच्या वेळी ती काढणे सोपे जाते.

प्रश्नाचा दुसरा गुण म्हणजे तो उत्सुकता जागवतो. ग्रुबर, गेलमन आणि रंगनाथ यांनी २०१४ मध्ये केलेल्या प्रयोगात लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न देऊन उत्तरासाठी काही सेकंद थांबवले. त्या मधल्या वेळेत पडद्यावर एक अनोळखी चेहरा दाखवला. ज्या प्रश्नांबद्दल उत्सुकता जास्त होती, त्यांची उत्तरे तर चांगली लक्षात राहिलीच, पण त्या वेळी दिसलेले, प्रश्नाशी काही संबंध नसलेले चेहरेही जास्त लक्षात राहिले. उत्सुकतेच्या क्षणी मेंदूतील डोपामिनशी जोडलेला भाग आणि स्मृती साठवणारा हिप्पोकॅम्पस हे दोन्ही अधिक सक्रिय होतात, असे त्यात दिसले. सकाळच्या प्रश्नाचे उत्तर रात्रीपर्यंत राखून ठेवण्यात गंमत का वाटते, याचा थोडा अंदाज यावरून येतो.

चुकीचा पर्यायही चिकटतो

पण जे यंत्र बरोबर उत्तर पक्के करते, तेच चुकीचे उत्तरही पक्के करू शकते. ‘भाटघर धरण कोणत्या नदीवर आहे?’ या प्रश्नाला नीरा हा पर्याय दिला, की तो मोहात पाडतो, कारण नीरा नदी जवळच आहे आणि नीरा देवघर धरणही याच तालुक्यात आहे. प्रत्यक्षात १९२८ मध्ये पूर्ण झालेले भाटघर धरण वेळवंडी नदीवर आहे. रोडिगर आणि मार्श यांनी २००५ मध्ये दाखवून दिले, की पर्यायी प्रश्नांची चाचणी दिल्यावर बरोबर उत्तरे जास्त आठवतात, पण पर्यायांत वाचलेली चुकीची उत्तरेही पुढे ‘बरोबर’ म्हणून सांगितली जातात. पर्याय जितके जास्त, तितका हा दोष वाढतो. सुदैवाने यावर उपाय सोपा आहे. बरोबर उत्तर स्पष्टपणे कळवले, की हा दोष बराच कमी होतो. ते लगेच कळवले काय किंवा थोड्या वेळाने कळवले काय, उपयोग होतोच.

दुसरा धोका वारंवारतेचा. १९७७ मधील एका गाजलेल्या प्रयोगात लोकांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा काही विधाने दाखवली. त्यांतली काही खरी होती, काही खोटी. जी विधाने पुन्हा पुन्हा समोर आली, ती लोकांना अधिक खरी वाटू लागली. खोटी असली तरीही. ‘माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो’ हे वाक्य असेच फिरत राहिले आहे. त्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. आपण झोपेत असतो तेव्हाही मेंदूच्या बहुतेक भागांत काम चालू असते.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की आपण अगदी ठामपणे दिलेले उत्तर चुकले आणि लगेच दुरुस्ती मिळाली, तर ती दुरुस्ती जास्त चांगली लक्षात राहते. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये हे दाखवले. धक्का बसला की आपले लक्ष जाते. त्यामुळे छातीठोकपणे ‘अ’ लिहिणाऱ्या भोरकराला खंडाळ्याचा घाट आता सहसा विसरायचा नाही. मात्र त्यासाठी उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचायला हवे.

प्रश्न आरोग्याचा असेल तर

घाटाचे उत्तर चुकले तर फार तर हसे होते. पण आता हा प्रश्न बघा : ‘साप चावल्यावर सर्वांत आधी काय करावे? (अ) चावल्याच्या वर घट्ट आवळून बांधावे (ब) जखमेवर चीर देऊन रक्त काढावे (क) विष चोखून टाकावे (ड) चावलेला अवयव न हलवता रुग्णालय गाठावे.’

भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत माणसे पहाटेपासून संध्याकाळपर्यंत चिखलात असतात. इथे हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार लोक दगावले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. पहिले तीनही पर्याय जुन्या पुस्तकांत आणि सिनेमांत वर्षानुवर्षे ‘उपाय’ म्हणून दाखवले गेले. आज त्यांतला एकही योग्य मानला जात नाही. घट्ट बांधल्याने रक्तपुरवठा तुटून अवयव निकामी होऊ शकतो. चीर दिल्याने रक्तस्राव आणि संसर्ग वाढतो. चोखल्याने विष बाहेर येत नाही.

बरोबर उत्तर ‘ड’. रुग्णाला धीर द्यावा. अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत, कारण सूज येते. हातपाय मोडल्यावर फळी बांधतो तसा अवयव स्थिर ठेवावा आणि १०८ क्रमांकावर फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. साप पकडण्यात वेळ घालवू नये. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार प्रमुख विषारी सापांविरुद्ध चालते. मण्यारचा दंश अनेकदा रात्री झोपेत होतो. तो फारसा दुखत नाही, खूणही दिसत नाही. म्हणून ‘दुखत नाही, म्हणजे बिनविषारी’ हेही चुकीचेच उत्तर.

चांगला प्रश्न उपयोगाची माहिती घरोघरी पोहोचवतो. ‘विंचूदंशावर रक्तदाबाचे कोणते औषध वापरले जाते?’ उत्तर : प्राझोसिन. त्याचा उपयोग जगापुढे मांडणारे डॉ. हिंमतराव बावस्कर वरंधा घाटाखालच्या महाडचेच. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र हे औषध डॉक्टरांनीच द्यायचे असते, हे वाक्यही उत्तरासोबत गेले पाहिजे.

विसरणे टळते का?

‘रोज क्विझ सोडवा, डिमेन्शिया टाळा’ असा दावा केला जातो. तेवढा पुरावा नाही. ल्युमोसिटी या मेंदूच्या खेळांच्या अमेरिकी ॲपने असे दावे केले होते. दिशाभूल केल्याच्या आरोपावरून २०१६ मध्ये त्या कंपनीने तेथील सरकारी यंत्रणेशी तडजोड करून २० लाख डॉलर भरले. २०२४ मधील लॅन्सेट आयोगाच्या अहवालात डिमेन्शियाचे बदलता येण्याजोगे १४ धोके दिले आहेत. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, ऐकू कमी येणे, व्यायामाचा अभाव आणि एकटेपणा त्यांत आहेत. क्विझने रक्तदाब उतरत नाही. पण वयस्कर माणसाचा एकटेपणा एखाद्या गटामुळे कमी होत असेल, तर तोही काही छोटा फायदा नाही.

खेळ चालू ठेवा, एवढे पाळा

उत्तर शोधण्यापूर्वी मिनिटभर स्वतः आठवून बघा. खरा फायदा तिथेच आहे. उत्तर न देता प्रश्न पुढे पाठवू नका. उत्तरासोबत एका ओळीत कारण लिहा. चुकलेले प्रश्न आठवड्याने पुन्हा विचारा. उत्तरे जुनी होतात हेही ध्यानात ठेवा : २००६ पासून ग्रह नऊ नाहीत, आठ आहेत, आणि वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. आरोग्याचा प्रश्न असेल, तर उत्तर आपल्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवल्याशिवाय गटावर टाकू नका. गुण कोणाला किती मिळाले हे दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही, पण शेताच्या बांधावर साप चावला, तर त्या क्षणी गटावर वाचलेले उत्तरच आठवणार आहे.