‘अ‍ॅव्हरेज’ : गलबतावरचे आणि कागदावरचे

मोटार एका लिटरमध्ये किती धावते, फलंदाज किती भरवशाचा आहे, विद्यार्थी हुशार की बेताचा, या साऱ्या प्रश्नांना मराठी माणूस ‘अ‍ॅव्हरेज’ या एकाच इंग्रजी शब्दाने उत्तर देतो. परंतु हा शब्द गणिताच्या वर्गात जन्मलेला नाही. तो समुद्रावरून आला असून त्याचा मूळ अर्थ सरासरी नव्हे, तर नुकसान असा आहे.

बहुतेक कोशकार त्याचे मूळ अरबी ‘अवार’, म्हणजे मालाची खराबी, या शब्दात शोधतात. भूमध्य समुद्रावरील व्यापाऱ्यांच्या तोंडी तो इटालियनमध्ये ‘अवारिया’ झाला आणि फ्रेंचमार्गे पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत उतरला. त्यामागील कल्पना मात्र याहून पुष्कळ जुनी आहे. इ. स. ५३३ मध्ये जस्टिनियनच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या रोमन विधिसंग्रहात ऱ्होड्स बेटाच्या नावाने एक नियम नोंदलेला आहे. वादळात जहाज हलके करण्यासाठी कुणाचा माल समुद्रात फेकला, तर सर्वांसाठी झालेली ती हानी सर्वांनी मिळून भरून द्यावी, असा तो नियम होय.

उदाहरणार्थ, जहाज ५० लाखांचे, एका व्यापाऱ्याचा माल ३० लाखांचा व दुसऱ्याचा २० लाखांचा आहे. दुसऱ्याचा सगळा माल फेकून जहाज वाचले. एकूण १०० लाखांवर २० लाखांची हानी, म्हणजे शेकडा २० झाली. तेव्हा जहाजमालकाने १० लाख व पहिल्या व्यापाऱ्याने ६ लाख द्यावयाचे, आणि ज्याचा माल गेला त्यानेही आपल्या वाट्याचे ४ लाख सोसावयाचे. यालाच ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. याउलट, अपघाताने एकाच्याच मालाची नासाडी झाली, तर ती त्याची त्यानेच सोसावी. ते ‘पर्टिक्युलर अ‍ॅव्हरेज’. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही हे दोन्ही शब्द आहेत.

हे तत्त्व आजही जिवंत आहे. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस रुतून बसले. ते सुटल्यावर मालकांनी जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केले. त्यावरील सुमारे १८,३०० कंटेनरांत ज्यांचा माल होता, त्यांना तो सुखरूप असूनही सुटकेच्या खर्चातील आपल्या वाट्याची हमी देणे भाग पडले.

हानीची अशी प्रमाणशीर वाटणी करता करता अठराव्या शतकात या शब्दाला सरासरीचा अर्थ चिकटला. हिशेब राहिला, कर्तव्य गळाले. दहा जणांपैकी नऊ जणांना महिना १०,००० रुपये व एकाला १,१०,००० रुपये मिळत असतील, तर सरासरी २०,००० येते. प्रत्यक्षात तेवढी मिळकत एकाचीही नसते. गलबतावरचे अ‍ॅव्हरेज खरोखरीच वाटून घ्यावे लागे. कागदावरचे अ‍ॅव्हरेज कुणाच्या पदरात काहीच टाकत नाही.

राज्यकारभारात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. धरणाने दरडोई वीज वाढते, दरडोई धान्य वाढते. पण ज्यांची गावे पाण्याखाली जातात त्यांचा तोटा दरडोई आकड्यात दिसत नाही. वस्तुतः त्यांची जमीन सर्वांच्या हितासाठी जाणूनबुजून बुडविलेली असते. महाराष्ट्राने १९७६ च्या पुनर्वसन कायद्यात लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांच्या जमिनीचा काही भाग घेऊन तो विस्थापितांना देण्याची तरतूद केली. ऱ्होड्सचा न्याय डोंगरखोऱ्यांत आणण्याचाच हा प्रयत्न होता. तथापि कायदा झाला म्हणून वाटणी झाली असे नव्हे. कोयनेच्या धरणग्रस्तांना अर्धशतक उलटल्यावरही पुनर्वसनासाठी आंदोलने करावी लागली. सर्वांसाठी झालेली हानी त्यांच्यापुरती ‘पर्टिक्युलर’च राहिली.

म्हणून एखाद्या योजनेने सरासरी किती उंचावेल, एवढेच विचारून भागणार नाही. कुणाचा माल समुद्रात फेकला जाणार आणि त्याची भरपाई कोण कोण करणार, हे जहाज बंदरातून निघण्यापूर्वीच ठरले पाहिजे. खलाशांना आणि व्यापाऱ्यांना जे शतकानुशतके पाळता आले, ते लोकशाही राज्याला अशक्य का असावे?