आधी शब्द सुटतो, मग गोळी
चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात बंदुकीची भाषा काय सांगते आणि काय झाकते?

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती हे नाव जैन वाचकाला नवे नाही. केसरिया पार्श्वनाथाच्या दर्शनासाठी दूरदूरचे यात्रेकरू येथे येतात, धर्मशाळेत उतरतात, पूजा-प्रक्षाळ करून परततात. याच भद्रावतीला देशाच्या नकाशावर आणखी एक ओळख आहे. येथील आयुध निर्माणीत सैन्यासाठी दारूगोळा तयार होतो. एका गावाच्या एका अंगाला अहिंसेचे तीर्थ आणि दुसऱ्या अंगाला दारूगोळ्याचा कारखाना आहे. गावकऱ्यांना यात विसंगती वाटत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्यांची पोटे त्या कारखान्यावर भरली आहेत. लक्ष वेधून घेते ती पाटीवरची भाषा. 'आयुध' हा शब्द वाचताना मनापुढे देवतेच्या हातातील गदा-चक्र उभे राहते, आणि 'दारूगोळा' म्हटले की स्फोट ऐकू येतो. वस्तू तीच असते. कोणता शब्द कानावर पडला, त्यावर मनाचा कल ठरतो.

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या दोन जिल्ह्यांत बंदूक ही केवळ बातमीतली वस्तू नाही. ती शेताच्या बांधावर आहे, पोलिसाच्या खांद्यावर आहे, वनखात्याच्या गाडीत आहे आणि अनेक वर्षे जंगलातल्या सशस्त्र दलांच्या हाती होती. या प्रत्येकाने बंदुकीसाठी आणि तिच्या कामासाठी आपापले शब्द घडवले. ते शब्द वृत्तपत्रांतून, कचेरीतून, बाजारातून आपल्यापर्यंत पोहोचतात आणि आपण ते विचार न करता वापरू लागतो.

अर्जावरील कारण

मराठीत 'हत्यार' हा शब्द मोठा सोशिक आहे. सुताराची पटाशी आणि किकरे हीही हत्यारेच, आणि दरोडेखोराच्या हातचा सुराही हत्यारच. खंडेनवमीला कारागीर आपली अवजारे पुजतो, क्षत्रिय तलवार पुजतो, व्यापारी तराजू आणि वह्या पुजतो. बंदूक बाळगणारा माणूस तिला 'हत्यार' म्हणतो तेव्हा ती नकळत अवजारांच्या रांगेत जाऊन बसते. शासन मात्र 'शस्त्र परवाना' देते. 'शस्त्र' म्हटले की जबाबदारी आली, नोंदवही आली आणि निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा करणेही आले.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात परवान्याची कारणे नेमक्या शब्दांत आली आहेत. गुळगुळीत नळीची, किमान वीस इंच नळी असलेली बंदूक संरक्षणासाठी किंवा क्रीडेसाठी, आणि तोंडाने ठासायची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी. 'संरक्षण', 'क्रीडा', 'पीकसंरक्षण' या तिन्ही शब्दांत मरणाचा उल्लेख नाही. कायद्याला तसे लिहिणे भागच होते, कारण मारण्यासाठी म्हणून परवाना कोणी देत नाही. पण अर्जावर लिहिलेले कारण आणि बंदुकीचे प्रत्यक्ष काम यांत किती अंतर आहे, हे फक्त बाळगणाऱ्यालाच ठाऊक असते. वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हे अंतर ओळखले. अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले शस्त्र वनखात्याकडे नोंदवावे, असे त्याचे कलम ३४ सांगते. ताडोबा-अंधारीच्या भोवती वसलेल्या गावांसाठी ही तरतूद महत्त्वाची ठरते.

डुक्कर, रोही आणि दोन मंत्र्यांची भाषा

जून २०१६ मध्ये चंद्रपूरचे नाव एका विचित्र वादामुळे देशभर गाजले. पिकांची नासाडी करणाऱ्या प्राण्यांना मारण्याच्या परवानग्यांवरून केंद्रातील दोन मंत्री उघडपणे समोरासमोर आले. मनेका गांधी यांनी चंद्रपुरात ५३ रानडुकरे मारली गेल्याचा व आणखी ५० मारण्याची परवानगी असल्याचा उल्लेख केला आणि या साऱ्यामागे मारण्याची हाव असल्याची टीका केली. तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी राज्यांच्या मागणीनुसारच परवानगी दिली जाते असे सांगून त्याला वैज्ञानिक व्यवस्थापन म्हटले. प्राणी तेच, गोळीही तीच. एका बाजूला 'हाव' आणि दुसऱ्या बाजूला 'व्यवस्थापन'. पहिला शब्द शेतकऱ्याचे दुःख झाकतो, दुसरा डुकराचे मरण.

सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडच्या धानपट्ट्यात राहणाऱ्या शेतकऱ्याला हे दोन्ही शब्द परके वाटतात. लोंबी भरत आलेल्या धानात एका रात्रीत कळप शिरला की वर्षाची मेहनत चिखलात जाते. मळणीनंतर बाजारात यायचे धान येत नाही, उधारी थकते, आणि दुकानाच्या वहीतही ते नुकसान उमटते. या भागातील व्यापारी कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. विदर्भातला शेतकरी ज्या प्राण्याला 'रोही' म्हणतो, त्यालाच शहरातला वाचक 'नीलगाय' म्हणून ओळखतो. 'रोही' म्हणताना पिकाची चिंता डोळ्यांपुढे येते, 'नीलगाय' म्हणताना गाय आठवते. एका प्राण्याची दोन नावे दोन माणसांना दोन टोकांना नेऊन उभी करतात.

कायद्याची भाषा येथे अधिक प्रामाणिक आहे. १९७२ च्या अधिनियमात मारणे, विष घालणे, फास लावणे, पकडणे आणि या सर्वांचे प्रयत्न यांना एकच शब्द आहे, शिकार. जीविताला किंवा उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली जी परवानगी मिळते, तीही शिकारीचीच. या अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीचे शीर्षकच उपद्रवी प्राणी असे होते. उंदीर, कावळे, फळे खाणारी वटवाघळे तिच्यात मोडत. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली. एखाद्या प्राण्याला काही काळासाठी उपद्रवी ठरवण्याचा केंद्राचा अधिकार मात्र कायम राहिला.

'नरभक्षक' हा निवाडा

वाघाच्या बाबतीत शब्दाचे वजन सर्वांत जास्त. 'नरभक्षक' हा शब्द एकदा मथळ्यात आला की खटला संपल्यासारखा वाटतो, उरते ती फक्त शिक्षा. अधिनियमात हा शब्दच नाही. तेथे 'मानवी जीवितास धोकादायक' अशी शब्दयोजना आहे, आणि वाघासारख्या प्राण्याबाबतचा निर्णय केवळ मुख्य वन्यजीव रक्षकच लेखी कारणांसह घेऊ शकतो. जिवंत पकडणे शक्य नाही अशी खात्री पटल्याखेरीज मारण्याचा आदेश देता येत नाही.

चंद्रपूरच्या शेजारी, यवतमाळच्या पांढरकवडा भागात १३ माणसांच्या मृत्यूंशी जोडली गेलेली वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळीने मारली गेली. वनखात्याच्या कागदांत ती 'टी-१' होती, प्राणिप्रेमींसाठी 'अवनी' होती, गावकऱ्यांसाठी 'नरभक्षक' होती. गोळी झाडणाऱ्यालाही कोणी 'शार्पशूटर' म्हटले, कोणी 'शिकारी', कोणी 'मारेकरी'. 'अवनी' म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात बळी पडलेल्या तेरा घरांचा उल्लेख क्वचितच येई, आणि 'नरभक्षक' म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात तिच्या दोन बछड्यांचा. आपल्या शब्दाने दुसऱ्याचे दुःख नजरेआड होते, हे कोणाच्याच लक्षात येत नव्हते.

यानंतर याच भूमीत वेगळेही घडले. राजुरा भागात आठ जणांचा बळी घेणारा 'आरटी-१' वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये जिवंत पकडला गेला. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा या तीन जिल्ह्यांत १३ जणांचा बळी घेणारा 'सीटी-१' ऑक्टोबर २०२२ मध्ये देसाईगंज-वडसा परिसरात बेशुद्ध करून पकडण्यात आला. वृत्तपत्रांनी दोन्ही वेळा लिहिले, 'वाघ जेरबंद'. जेरबंद म्हणजे मुळात घोड्याच्या साजातला पट्टा. येथेही बंदूकच वापरली गेली, पण तिच्या नळीतून गोळीऐवजी औषध गेले. हाती बंदूक असली म्हणजे शेवट मरणातच व्हायला हवा असे नाही, हे या दोन घटनांनी दाखवून दिले.

आणि एक घटना बंदुकीच्या चर्चेतून निसटून जाते. २०१७ मध्ये ब्रह्मपुरी भागातून पकडून वर्धा जिल्ह्यातील बोर प्रकल्पात सोडलेल्या एका वाघिणीला मारण्याचा आदेश निघाला. वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. बंदुका तिच्या मागावर असतानाच ती वाघीण शेताच्या कुंपणातील विजेच्या धक्क्याने मेली. 'कुंपण' या शब्दाला कोणी भीत नाही. त्यासाठी परवाना मागावा लागत नाही, निवडणुकीत ते जमा करावे लागत नाही. तरीही जिवंत वीज सोडलेली तार डुक्कर, वाघ आणि अंधारात शेतावर गेलेला शेतकरी यांच्यात भेद करत नाही. बंदुकीच्या नावावर वाद रंगत असताना सौम्य नावाची हिंसा अशी बिनबोभाट चालू राहते.

गडचिरोलीतला एक शब्द

गडचिरोलीत काही शब्द याहून कठोर झाले. तेथील अनेक वर्षांच्या सशस्त्र संघर्षात 'खबऱ्या' हा शब्द कोणाच्या नावापुढे लागला की त्या माणसाचे जगणे संपल्यात जमा असे. चौकशी नाही, बचाव नाही. बंदूक बाळगणाऱ्यांनी शब्द ठरवला आणि शब्दाने माणूस संपवला. दुसऱ्या बाजूला वृत्तपत्रांनी 'चकमकीत कंठस्नान' असे मथळे दिले. चकमक म्हणजे मुळात ठिणगी पाडणारा दगड, आणि कंठस्नान म्हणजे गळ्याखालून केलेली अंघोळ. शब्द इतके सराईत झाले की त्यांमागे एक मृतदेह आहे हे वाचताना जाणवेनासे झाले.

जुन्या ठासणीच्या बंदुकीला या भागात 'भरमार' म्हणतात. अनेक आदिवासी घरांत ती शिकारीसाठी किंवा रानातल्या भीतीपोटी आजोबांपासून चालत आलेली. तीच भरमार सशस्त्र दलांच्या हाती गेली तेव्हा पोलिसांच्या नोंदीत तिचा अर्थ बदलला. पोलिसांच्या आवाहनानंतर गावकऱ्यांनी अशा भरमार बंदुका स्वखुशीने जमा केल्या, तेव्हा त्या घरांतून एक वारसा आणि एक संशय दोन्ही एकदमच बाहेर पडले.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर भूपती याच्यासह ६१ जणांनी शस्त्रे खाली ठेवली. शासनाने त्याला 'आत्मसमर्पण' म्हटले. त्याआधीच्या महिन्यात समोर आलेल्या पत्रकात सशस्त्र लढा तात्पुरता थांबवण्याची भाषा होती. शरण जाणे आणि शस्त्र ठेवणे यांतले अंतर ज्याच्या हाती बंदूक होती त्याला फार मोठे वाटते. ज्या गावाने दोन्ही बाजूंच्या गोळ्या ऐकल्या, त्याला बंदूक खाली आली एवढेच पुरेसे असते.

शब्दांचा हा खेळ साऱ्या जगात चालतो. अमेरिकेत 'एआर' या अक्षरांचा अर्थ अनेकांना हल्ल्याची रायफल असा वाटतो, वास्तविक ती आर्मालाइट या कंपनीच्या नावावरून आली आहेत. तेथील शस्त्र उद्योगाच्या संघटनेने २००९ पासून या बंदुकांसाठी 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल', म्हणजे आधुनिक क्रीडा रायफल, हे नाव रुजवण्याचा प्रयत्न केला. बंदी मागणाऱ्यांनी त्याच बंदुकीला युद्धाचे शस्त्र म्हटले. दोघांनाही ठाऊक होते की ज्याचा शब्द लोकांच्या ओठी बसेल, त्याची बाजू अर्धी जिंकली.

घरातले शब्द

शब्द मवाळ करण्याची रीत आपल्या घरांनाही ठाऊक आहे. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. अनेक जैन घरांत भाजी 'कापा' म्हणत नाहीत, 'समारा' किंवा 'सुधारा' म्हणतात. मग बंदूकवाल्याने 'मारले' ऐवजी 'व्यवस्थापन केले' म्हटले तर त्यात वावगे काय?

फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. घरातली आजी 'कापा' हा शब्द टाळते, कारण भाजीतही जीव आहे याची तिला आठवण आहे. तिचा शब्द बोलणाऱ्याला सावध करतो. 'कंठस्नान', 'व्यवस्थापन', 'क्रीडा' हे शब्द त्या जिवाचा विसर पाडतात. एक सौम्य शब्द जागे ठेवतो, दुसरा झोपवतो. भाषासमितीचे तत्त्व याच फरकावर उभे आहे. शब्द गोड असावा एवढेच ते सांगत नाही, तो जिवाचे भान ठेवून उच्चारलेला असावा असे सांगते.

शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद केले, तेही याच स्पष्टतेसाठी. जीव वाचवण्यासाठी नाइलाजाने घडलेली विरोधी हिंसा आणि हौसेने ठरवून केलेली संकल्पी हिंसा यांना त्यांनी वेगळी नावे दिली, परंतु दोन्हींना हिंसाच म्हटले. संरक्षण म्हटल्याने ती अहिंसा झाली, असे कोठेही म्हटलेले नाही. अनर्थदंडाच्या भेदांत 'हिंसादान', म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, वेगळे सांगितले आहे. व्यापारी समाजाने ते विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. विजेच्या तारेचे वेटोळे विकताना गिऱ्हाइकाला ते कशासाठी हवे, हा प्रश्न विचारणे दुकानदाराच्या हाती आहे.

म्हणून शब्दांची निवड ही केवळ पत्रकारांची किंवा मंत्र्यांची बाब नाही. परवान्यावर 'आत्मसंरक्षण' लिहिणाऱ्याने ती बंदूक लग्नाच्या वरातीत मिरवू नये. रानडुक्कर मारल्याची बातमी घरात वाचली तर मुलांसमोर डुक्कर मेले हेही म्हणावे आणि कोणाचे धान गेले हेही म्हणावे. वाघाला 'नरभक्षक' म्हणण्याआधी त्याने कोणाला मारले, कोठे मारले, ती व्यक्ती मोहफुले वेचायला गेली होती की सरपणाला, हे विचारावे. तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात गेलेल्या मजुराचे मरण 'घटना' या शब्दात आटोपू नये.

भद्रावतीहून परतणारा यात्रेकरू गाडीत बसल्यावर तीर्थाची गोष्ट सांगतो, कारखान्याची सांगत नाही. त्याच्या नातवाने खिडकीतून बोट दाखवून 'तिथे काय बनते?' असे विचारले, तर 'आयुध' एवढेच सांगून थांबू नये. ते कशासाठी बनते आणि त्याने काय होते, तेही सांगावे. मुलाला दोन्ही गोष्टी कळल्या, तर शब्द निवडताना तो पुढे आपणहून थबकेल.