एक दशमी, अनेक स्मृती

आश्विन शुद्ध दशमी! साडेतीन मुहूर्तांतील हा एक पूर्ण मुहूर्त. कोहमारा परिसरात या सुमारास हलके धान कापणीला येते. सकाळी नीलकंठाचे दर्शन घडावे म्हणून वडीलधारी मंडळी मुलांना शिवारात नेतात, आणि सायंकाळी आपट्याचे सोने घेऊन घरोघर जाणे होते. आमचे वास्तव्य रामटेकास. तथापि जन्मगाव कोहमारा असल्याने दसऱ्याचे कीर्तन आम्ही येथेच करीत आलो आहोत.

उत्तररंगाचे आख्यान ठरलेले, रघू आणि कौत्स यांचे. विश्वजित यज्ञात सर्वस्व दिलेला राजा मातीच्या पात्रातून अर्घ्य देतो. शिष्याला गुरुदक्षिणेसाठी हव्यात चौदा कोटी सुवर्णमुद्रा. रातोरात कुबेर राजाच्या कोशागारात सुवर्णवृष्टी करतो. राजा म्हणतो, सर्व ने; कौत्स म्हणतो, देण्याहून अधिक नको. आता गंमत पाहा. ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात आपट्याचे झाड नाही आणि दशमीही नाही! विराटपर्वात अर्जुन शमीवरून शस्त्रे उतरवितो खरा. पण तो दिवस विजयादशमीचा, असे व्यास सांगत नाहीत. या कथा लोकस्मृतीने या तिथीला आणून बसविल्या. आम्हांस त्याचे वैषम्य कधीच वाटले नाही.

काही स्मृती मात्र इतिहासातल्या आहेत. दि. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी श्रीसाईबाबांनी शिर्डीत देह ठेवला, तो दसराच. १९२५ च्या दसऱ्यास नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन झाला. आणि दि. १४ ऑक्टोबर १९५६, रविवार, याच तिथीस नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व लाखो अनुयायांना दिली. सम्राट अशोकाने धम्म स्वीकारला तो हाच दिवस, अशी बौद्ध परंपरा आहे. कलिंगयुद्धाचा पश्चात्ताप सांगणाऱ्या अशोकाच्या तेराव्या शिलालेखातही तिथी नाहीच. म्हणजे येथेही स्मृतीनेच तिथी निवडली.

कोहमारा नागपूर-रायपूर महामार्गावरचे. आमच्या बालपणी दसऱ्याच्या पहाटे शुभ्र वस्त्रे नेसलेली मंडळी फाट्यावर नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभी असत. त्यांत आमचा एक बालमित्र असे. त्याचे वडील छप्पन साली जाऊन आलेले. आम्ही सोने देण्यास त्याच्या दारी गेलो, तर दार बंद. आजीला विचारले तेव्हा ती एवढेच बोलली, “त्यांचा दसरा आता निराळा.” त्या निराळेपणाचे कारण आमच्याच आळीत, आमच्याच विहिरीपाशी होते, हे उमगण्यास आम्हांस पुष्कळ वर्षे लागली. गोंड बांधवांपैकी काही जण रावणाला पूज्य मानतात व त्याच्या दहनाने दुखावतात, हेही आम्ही उशिराच ऐकले.

काही वर्षांपूर्वी तो मित्र फाट्यावर भेटला. म्हणाला, “महाराज, तुमच्या कीर्तनात आमच्या दसऱ्याची गोष्ट येत नाही का जी?” आम्ही निरुत्तर झालो. त्या रात्री कौत्साचे आख्यान आवरते घेऊन आम्ही कलिंगाचे रणांगण आणि नागपूरचा तो रविवार सांगितला. विहिरीचेही सांगितले. दोघेतिघे उठून गेले. कीर्तनानंतर एका वयोवृद्ध श्रोत्याने स्पष्ट नापसंती दर्शविली : देवाच्या दारी हे कशाला? आम्ही त्यांस नमस्कार केला. उत्तर दिले नाही, कारण त्यांच्या श्रद्धेबद्दल आमच्या मनात शंका नव्हती.

पुढील वर्षीही आख्यानात तो भाग ठेवला. मित्र आता येतो, दाराशी बसून ऐकतो. आरतीला थांबत नाही. आम्ही आग्रह करीत नाही. पूर्वी सातला उभे राहणारे कीर्तन आता नऊला उभे राहते. नागपूरहून परतणारी गाडी तोवर फाट्यावर आलेली असते.